शिक्षा न्यायालयात ठरते. तुरुंगाचे काम त्यानंतरचे

तुरुंग शिक्षेसाठी असावेत की सुधारणेसाठी, या वादात दोन्ही बाजू बहुधा एक गोष्ट गृहीत धरून चालतात: कैदी तुरुंगाच्या दारातून आत आला, की त्याचे काय करायचे हे ठरवणे अजून बाकी आहे आणि ते तुरुंगाने ठरवायचे आहे. एका बाजूला वाटते, त्याला चांगली अद्दल घडली पाहिजे. दुसरीला वाटते, त्याला नव्याने घडवले पाहिजे. वस्तुतः अद्दल घडवण्याचा निर्णय तो आत येण्यापूर्वीच झालेला असतो. गुन्ह्याचे गांभीर्य, आरोपीचा हेतू, पीडिताचे नुकसान हे सारे तोलून न्यायाधीशाने सात वर्षे म्हटले, की ती सात वर्षे हीच शिक्षा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडच्या तुरुंगांचे आयुक्त असलेले अलेक्झांडर पॅटरसन हेच सांगत असत, की माणसाला तुरुंगात धाडले जाते ते शिक्षा म्हणून. तेथे आणखी शिक्षा भोगण्यासाठी नव्हे. हे मान्य केले तर निम्मा वाद मिटतो. उरलेला निम्मा अधिक अवघड आहे, आणि त्यात सुधारणावाद्यांनाही काही खडे बोल ऐकून घ्यावे लागतात.

केवळ स्वातंत्र्य गेले तर ती कसली शिक्षा, असे विचारणाऱ्यांनी त्या स्वातंत्र्याचे तुकडे मोजून पाहावेत. दाराची कडी बाहेरून असते. दिवा केव्हा मालवायचा हे दुसरा कोणी ठरवतो. रात्री शेजारी कोण झोपेल, हे निवडता येत नाही. आलेले पत्र आपल्या हाती पडण्याआधी कोणीतरी वाचलेले असते. मुलाची शाळा सुरू होते, संपते, आई आजारी पडते आणि जाते. यातले काही कार्यालयातून कळते, काही महिन्यांनी कळते, काही कधीच कळत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २०१५ साली सुधारून स्वीकारलेल्या आणि नेल्सन मंडेलांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कैद्यांविषयीच्या किमान नियमांत हे स्पष्ट म्हटले आहे: माणसाला बाहेरच्या जगापासून तोडणे हेच मुळात क्लेशकारक आहे, आणि तुरुंग-व्यवस्थेने त्या क्लेशात भर घालता कामा नये. पंधरा दिवसांहून अधिक काळ सलग एकांतकोठडीत ठेवण्यावर हेच नियम बंदी घालतात.

ही भर कशी पडते हे पाहायचे तर कॅलिफोर्नियाचे उदाहरण घ्यावे, कारण या एकाच राज्याने पन्नास वर्षांत दोन्ही टोके गाठून दाखवली आहेत. २०११ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या खटल्यात असे दिसले, की सुमारे ८०,००० कैद्यांसाठी बांधलेल्या तेथील तुरुंगांत जवळपास दुप्पट माणसे कोंबलेली होती. काही ठिकाणी ५४ कैद्यांमागे एक शौचालय होते. व्यायामशाळेत खाटांच्या रांगा लावून दोनशे माणसे ठेवली जात आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला दोन-तीन पहारेकरी असत. मनोरुग्णालयात जागा नाही म्हणून, आत्महत्येचा धोका असलेल्या कैद्यांना टेलिफोनच्या खोक्याएवढ्या पिंजऱ्यात दीर्घकाळ उभे ठेवल्याचे पुरावे निकालपत्रात नोंदवलेले आहेत. आता असा विचार करावा, की एखाद्या न्यायाधीशाने निकालात लिहिले असते, ‘आरोपीस चार वर्षे कारावास आणि पिंजऱ्यात उभे राहण्याची शिक्षा’, तर तो निकाल वरच्या न्यायालयात एक दिवस तरी टिकला असता का? जी शिक्षा उघड्या न्यायालयात उच्चारता येत नाही, ती भिंतीआड आपोआप दिली जाते. आणि ती कोणी दिली असे विचारले तर बोट दाखवायला माणूस सापडत नाही.

तरीही शिक्षेच्या समर्थकांची बाजू झटकून टाकण्याजोगी नाही. ज्याच्या घरातले माणूस मारले गेले, त्याला समाजाने ‘हे चूक होते’ एवढे तरी ठामपणे सांगणे हे समाजाचे देणे आहे. गुन्हेगाराच्या बालपणाची, व्यसनाची, बेकारीची चर्चा करता करता पीडित माणूस विस्मरणात जातो, हा आक्षेप पुष्कळदा खरा असतो. शिवाय, माणसाला त्याच्या कृत्याबद्दल जबाबदार धरणे हा त्याचा एक प्रकारे सन्मानच आहे, असा जो युक्तिवाद तत्त्वज्ञ करत आले आहेत, तो मला पटतो. सारा दोष परिस्थितीवर टाकणारा माणूस कैद्याला बाहुले समजत असतो. पण या साऱ्याला उत्तर मिळते ते शिक्षेच्या मुदतीत. खुनाला चोरीपेक्षा अधिक वर्षे मिळतात, त्या वर्षांतूनच समाज आपला निषेध नोंदवत असतो. तो निषेध गळक्या छताने अधिक ठळक होत नाही.

दहशत बसण्याचा मुद्दा मात्र वेगळा आहे, कारण तो अनुभवाने तपासता येतो. शिक्षेच्या क्रौर्यापेक्षा ती होणारच या खात्रीने गुन्ह्यांना आळा बसतो, हे इटलीच्या चेझारे बेक्कारियाने १७६४ मध्ये लिहून ठेवले आणि त्यानंतरच्या संशोधनाने त्याला दुजोराच दिला आहे. अमेरिकेत न्यू जर्सीमधील राहवे येथील तुरुंगात १९७०च्या दशकात एक प्रयोग फार गाजला. वाह्यात मुलांना तुरुंग दाखवायला न्यायचे, जन्मठेपेच्या कैद्यांनी त्यांच्यावर ओरडायचे, आत काय काय सोसावे लागते ते अंगावर काटा येईल असे सांगायचे, की पोरे सुधारतील. कल्पना इतकी सोपी आणि समाधान देणारी होती, की अनेक ठिकाणी तिची नक्कल झाली. पुढे अशा कार्यक्रमांची शास्त्रीय तुलना झाली, तेव्हा त्यात गेलेल्या मुलांनी न गेलेल्या मुलांपेक्षा अधिक गुन्हे केल्याचे आढळले.

येथवर सुधारणावादी खूश असतील. आता त्यांच्या इतिहासाकडे वळू. फिलाडेल्फियात १८२९ साली उघडलेला ईस्टर्न स्टेट तुरुंग हा सूडबुद्धीने बांधलेला नव्हता. फटके आणि फाशी यांना कंटाळलेल्या, देवभीरू आणि सज्जन माणसांची ती योजना होती. प्रत्येक कैद्याला स्वतंत्र कोठडी, छतात उजेडासाठी झरोका, मागे एकट्यापुरते छोटे अंगण, हातात बायबल आणि काही हातकाम. कोठडीबाहेर काढताना दुसऱ्याचा चेहरा दिसू नये म्हणून डोक्यावर टोपडे. एकांतात माणूस आपल्या पापाचा विचार करील आणि पश्चात्तापाने शुद्ध होऊन बाहेर पडेल, अशी अपेक्षा होती. १८४२ मध्ये चार्ल्स डिकन्स तेथे जाऊन आला. योजनाकारांचा हेतू दयाळू आहे हे त्याने मान्य केले, पण मनाशी रोज चाललेली ही छेडछाड शरीराच्या कोणत्याही छळापेक्षा भयंकर आहे, असा अभिप्राय त्याने नोंदवला. हेतू चांगला असला की आपण काय करतो आहोत याकडे पाहण्याची गरज वाटेनाशी होते, आणि सुधारणेच्या चळवळीला हा रोग जन्मापासून जडलेला आहे.

या रोगाचे आधुनिक रूप पुन्हा कॅलिफोर्नियातच सापडते. शिक्षेची मुदत न्यायालयाने पक्की ठरवू नये, कैदी ‘बरा’ होईल तेव्हा सुटकेचा निर्णय घेणाऱ्या मंडळाने त्याला सोडावे, हे तत्त्व तेथे अनेक दशके चालले. रुग्णाला किती दिवसांत बरे व्हायचे हे आधी कोण सांगेल, असा त्यामागचा विचार होता. १९६० साली पेट्रोल पंपावर ७० डॉलरची लूट केल्याबद्दल जॉर्ज जॅक्सन नावाच्या तरुणाला जी शिक्षा झाली ती अशी होती: एक वर्ष ते आजन्म. त्याची सुटका दरवर्षी मंडळापुढे येई आणि दरवर्षी नाकारली जाई. अकरा वर्षांनी, १९७१ मध्ये, सॅन क्वेंटिन तुरुंगात पहारेकऱ्यांच्या गोळीने तो मेला. या काळात तो कैद्यांच्या चळवळीचा पुढारी झाला होता, हिंसक प्रकरणांत त्याचे नाव आले होते आणि त्याला संत ठरवण्याचे कारण नाही. पण ७० डॉलरच्या लुटीची न्याय्य शिक्षा किती, हा प्रश्न त्या अकरा वर्षांत कोणालाच विचारावा लागला नाही, ही त्या पद्धतीची खरी करामत होती. मंडळापुढे नम्रपणे बोलणारा, पश्चात्तापाचा सूर नेमका लावणारा माणूस सुटे. आपले म्हणणे न सोडणारा आत राही. कैद्यांना हे लवकर कळते. ज्या व्यवस्थेत सुटका मनातल्या बदलावर अवलंबून असते, तेथे मन बदलण्यापेक्षा ते बदलल्याचे नाटक करणे सोपे असते.

म्हणूनच १९७०च्या दशकात या पद्धतीवर डावे आणि उजवे दोघेही एकाच वेळी तुटून पडले. १९७४ मध्ये समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मार्टिन्सन यांनी २३१ अभ्यासांच्या आधारे लेख लिहिला, की सुधारणेच्या कार्यक्रमांचा पुन्हा गुन्हा करण्याच्या प्रमाणावर जवळजवळ काहीच परिणाम दिसत नाही. १९७९ साली त्यांनी स्वतःच हा निष्कर्ष बराचसा मागे घेतला, पण तोवर ‘कशाचाच उपयोग नाही’ हे वाक्य राजकारण्यांच्या तोंडी बसले होते आणि माघारीचा लेख वाचायला कोणाला सवड नव्हती. कॅलिफोर्नियाने १९७६ मध्ये कायदाच केला: कारावासाचा हेतू शिक्षा हा आहे. त्यावेळी राज्यात सुमारे २०,००० कैदी होते. २००६ पर्यंत ते १,७०,००० च्या पुढे गेले. मुदती पक्क्या झाल्या हे चांगलेच झाले, पण त्या ठरवण्याचे काम निवडणुकीच्या बाजारात गेल्याने त्या लांबतच राहिल्या, आणि आतले वर्ग, कार्यशाळा, उपचार हे अनावश्यक लाड ठरत गेले. आधी उल्लेख केलेले पिंजरे त्या वाटेवरच येतात.

या दोन्ही अनुभवांतून माझ्या मते जी रेघ ओढता येते ती अशी, की किती दिवस आत ठेवायचे हे गुन्ह्याने ठरावे आणि ते दिवस कसे घालवायचे हे सुटकेने. सुधारणा हे कारण दाखवून एक दिवसही मुदत वाढवू नये, आणि शिक्षा हे कारण दाखवून एकही पुस्तक, डॉक्टर किंवा नातेवाइकाची भेट अडवू नये. शिक्षण, कौशल्य आणि उपचार यांवर कैद्याचा हक्क असावा. तुरुंगाच्या हातात ते त्याच्यावरचे हत्यार होऊ नये.

गंमत अशी, की हे बऱ्याच अंशी उमगलेला एक माणूस फिलाडेल्फियाच्या प्रयोगाच्या काळातच होऊन गेला. अलेक्झांडर मॅकोनकी हा स्कॉटिश नौदल अधिकारी १८४० साली ऑस्ट्रेलियापासून दूर, पॅसिफिक महासागरातील नॉरफोक बेटावर कैद्यांच्या वसाहतीचा प्रमुख म्हणून आला. दुसऱ्यांदा गुन्हा केलेल्यांना धाडायची ती जागा होती आणि फटक्यांसाठी कुप्रसिद्ध होती. मे महिन्यात राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवशी त्याने दारे उघडली. कैदी बेटभर फिरले, पोटभर जेवले, लिंबाच्या सरबतात मिसळलेल्या थोड्याशा रमचा पेला त्यांनी राणीच्या नावाने उंचावला, नाटक झाले, आतषबाजी झाली. संध्याकाळी बिगूल वाजल्यावर सगळे आपापल्या जागी परतले. सिडनीतील वृत्तपत्रांनी आणि लंडनमधील वरिष्ठांनी या दिवसाबद्दल त्याला कधीच माफ केले नाही.

पण मॅकोनकीचे खरे काम तो एक दिवस नव्हते. त्याने गुणांची पद्धत आणली: कैद्याच्या नावावर ठरावीक गुणांचे कर्ज, आणि काम व वर्तन यांतून ते फेडत जायचे. मॅकोनकी मुदतीऐवजी हिशेबावर सुटका ठेवू पाहत होता, म्हणजे मी वर ओढलेली रेघ त्याने ओलांडलीच. पण त्याच्या आणि कॅलिफोर्नियाच्या मंडळाच्या पद्धतीत एक मोठा फरक होता. त्याचे गुण डोळ्यांना दिसणाऱ्या कामाचे होते, ते मिळवलेले दिसत आणि गमावलेलेही दिसत. अंतःकरण शुद्ध झाले की नाही हे तपासण्याचा आव त्यात नव्हता. १८४४ मध्ये त्याला परत बोलावण्यात आले आणि जुनी राजवट आली. १८४६ साली कैद्यांची स्वतःची स्वयंपाकाची भांडी काढून घेतल्यावरून तेथे उठाव झाला, काही अधिकारी मारले गेले आणि बारा जणांना फाशी देण्यात आली.

आजच्या चर्चेत नॉर्वेचे नाव आल्याशिवाय राहत नाही. २०१० मध्ये उघडलेला हाल्डेनचा तुरुंग, बास्टॉय बेटावरचे खुले कारागृह, पहाऱ्यावरच्या कर्मचाऱ्यांना नेमणुकीआधी दिले जाणारे दोन वर्षांचे उच्च शिक्षण, हे सारे वाखाणण्याजोगे आहे. मात्र ‘नॉर्वेत सुटलेल्यांपैकी २० टक्के पुन्हा गुन्ह्याकडे वळतात आणि अमेरिकेत जवळपास ७० टक्के’ ही तुलना जपून वापरावी. पहिला आकडा दोन वर्षांत पुन्हा शिक्षा झालेल्यांचा आहे, तर दुसरा तीन वर्षांत पुन्हा अटक झालेल्यांचा. अटक झालेला प्रत्येक जण दोषी ठरत नाही आणि तीन वर्षे ही दोन वर्षांपेक्षा मोठी असतात. चांगल्या बाजूला कच्च्या पुराव्याची गरज नसते. अधिक भक्कम पुरावा नॉर्वेतच उपलब्ध आहे. तेथे खटले न्यायाधीशांकडे योगायोगाने वाटले जातात आणि काही न्यायाधीश तुरुंगवास सहज देतात, काही देत नाहीत. याचा उपयोग करून अर्थशास्त्रज्ञांनी सारख्याच आरोपींची तुलना केली. तुरुंगात गेलेल्यांचे पुढचे गुन्हे कमी झाले, पण हा फायदा मुख्यतः त्यांना झाला ज्यांना आधी नोकरी नव्हती आणि आत प्रशिक्षण मिळाले. ज्यांना आधीपासून काम होते, त्यांची नोकरी मात्र तुरुंगवासाने गेली. म्हणजे सर्वोत्तम तुरुंगसुद्धा सगळ्यांना लाभदायक नसतो, आणि किरकोळ गुन्ह्यासाठी कमावत्या माणसाला काही महिने आत टाकणे हे त्याला आणि समाजालाही महागात पडते. शिक्षणाबाबतही असेच ठोस काही सांगता येते: रँड या संस्थेने २०१३ मध्ये अमेरिकेतील अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा आत शिकलेले कैदी न शिकलेल्यांच्या तुलनेत सुमारे १३ टक्के-अंकांनी कमी प्रमाणात पुन्हा गुन्ह्याकडे वळल्याचे दिसले. चमत्कार म्हणावा असा हा आकडा नाही, पण दहशतीच्या नावावर जो आकडा जमा आहे, त्यापेक्षा तो पुष्कळ बरा आहे.

येथे एक गोष्ट मध्येच सांगितली पाहिजे, कारण ती न सांगता चाललेली सगळी चर्चा थोडी पोकळ ठरते. जगातील कैद्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश माणसांना अजून कोणीही दोषी ठरवलेले नाही. भारतात २०२२ अखेरच्या सरकारी आकडेवारीनुसार ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे दर चारांमागे तीन. त्यांना शिक्षा देण्याचा अधिकार कोणाला नाही, आणि त्यांना सुधारण्याचाही नाही. जामिनाची रक्कम भरता येत नाही एवढ्यासाठी आत राहिलेल्या माणसाला सुतारकाम शिकवणे हे तुरुंगसुधारणेच्या खात्यात धरू नये. त्याला घरी पाठवले, तर जे खरोखर शिक्षा भोगत आहेत त्यांच्यासाठी जागा होईल, शिक्षक पुरेल आणि डॉक्टरही पुरेल.

अत्यंत क्रूर गुन्हेगारांचे काय, हा प्रश्न दर वेळी विचारला जातो आणि विचारलाही पाहिजे. २०११ साली नॉर्वेत ७७ जणांची हत्या करणाऱ्या आंदेर्स ब्रेविकला २१ वर्षांची स्थानबद्धता मिळाली, तेव्हा जगभर हसे झाले. त्या शिक्षेची अट फार थोड्यांनी वाचली: तो धोकादायक राहील तोवर न्यायालय ती वाढवू शकते. २०२२ मध्ये त्याने सुटकेचा अर्ज केला आणि तो फेटाळला गेला. मुदतवाढीला माझा विरोध असताना ही तरतूद मी मान्य करतो, ती दोन कारणांनी. एक म्हणजे हा निर्णय बंद खोलीतले मंडळ घेत नाही, उघडे न्यायालय पुराव्यावर घेते. आणि दुसरे, त्याला तेथे ठेवले जाते ते इतरांना त्याच्यापासून धोका आहे म्हणून, तो अजून सुधारलेला नाही या सबबीवर नव्हे. असे कैदी कोणत्याही देशात मोजकेच असतात. बाकीचे, म्हणजे बहुतांश, एक ना एक दिवस बाहेर येणार असतात, आणि तुरुंगाची रचना त्या मोजक्यांकडे पाहून केली जाते हे दुर्दैव आहे.

पीडितांचे देणे फेडण्याची वाटही सुधारणेतूनच अधिक सरळ जाते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली कैद्यांच्या श्रमाला वाजवी मोबदला द्यावा असे म्हणताना, त्यातील काही भाग पीडितांच्या भरपाईसाठी बाजूला काढण्याची सूचना केली होती. राजस्थानात सांगानेरच्या खुल्या कारागृहात १९६३ पासून कैदी कुटुंबासह राहतात, दिवसा बाहेर जाऊन काम करतात आणि संध्याकाळी हजेरीला परत येतात. कमावता कैदी भरपाई देऊ शकतो, घरही चालवू शकतो. कोठडीत नुसता बसून असलेला कैदी दोन्ही करू शकत नाही, आणि त्याचा खर्च पीडितासह सगळे करदाते भरतात.

उरतो तो सुटकेनंतरचा काळ, ज्यावर तुरुंगाचा ताबा नसतो आणि आपला असतो. जर्मनीत लेबाख येथे १९६९ मध्ये एका दारूगोळा कोठारावर हल्ला होऊन चार सैनिकांचे खून झाले. त्यात साथ दिलेल्या एकाची सुटका जवळ आली असताना, त्याचे नाव आणि छायाचित्र दाखवणारा माहितीपट दूरचित्रवाणीवर येणार होता. लोकांना जाणून घेण्याचा हक्क आहे, हे तेथील घटनात्मक न्यायालयाने नाकारले नाही. गुन्हा ताजा असताना तो हक्क वरचढ असतो, असेच त्याने म्हटले. पण काळ जातो तसा तोल बदलतो आणि समाजात परत सामावले जाण्याचा त्या माणसाचा हक्क वाढत जातो, असे सांगून १९७३ साली न्यायालयाने त्या स्वरूपातले प्रक्षेपण थांबवले. सैनिकांच्या नातेवाइकांना हे कसे वाटले असेल, याची कल्पना करता येते. तरीही न्यायालयाचे बरोबर होते, कारण मुदत संपल्यावरही चालू राहणारी शिक्षा ही कोणत्याही न्यायाधीशाने दिलेली नसते. ती नोकरी नाकारणारा मालक, घर नाकारणारा घरमालक आणि छायाचित्र पुन्हा पुन्हा छापणारे वृत्तपत्र मिळून देतात, आणि तिच्याविरुद्ध दाद मागायला कोणतेही वरचे न्यायालय नसते.